लिफ्टच्या खड्ड्याखाली निघालेलं पेव

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या कळंबच्या घरी गॅरेजमध्ये गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट बसवायची होती. खांबांवरची लिफ्ट मिळत होती, पण मला जमिनीत लपणारीच हवी होती. गॅरेज मोकळं दिसतं ना! आज खोदाई सुरू झाली आणि चार फुटांवर खोदकाम करणाऱ्या बाळूभाऊंची पहार एकदम आत गेली. खाली काळोखी पोकळी.

"उतरून बघा की बाळूभाऊ," मी म्हणालो. ते दोर बांधू लागले.

एवढ्यात शेजारचे नव्वदीचे रहीमचाचा काठी टेकत आले. ही जागा पूर्वी त्यांचीच.

"ओ सर, थांबवा त्याला! ते ज्वारी साठवायचं पेव हाय. निजामाच्या वक्ताला सक्तीनं धान्य न्यायला लेव्हीवाले यायचे, तवा अब्बांनी हितं धान्य दडवलं होतं. माझा मामू काढायला उतरला, वर आलाच न्हाय. आत इखारी हवा साठती, आधी दिवा सोडा."

दोरीला मेणबत्ती बांधून सोडली. विझली. दुसरीही विझली.

बाळूभाऊंनी कमरेचा दोर सोडला. "चाचा, तुमी नसता आलात तर..."

"आलो न्हवं? मग रडतो कशाला, चहा पाज!"

चाचांचे आणि त्यांच्या मामूंचे उपकार कसे फेडू? लिफ्ट आता खांबांवरचीच बसेल.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 'उतरून बघा' म्हणताना आपणच उतरावं, हे मला सुचलंही नव्हतं. तुम्हाला सुचलं असतं?