मारोती मिस्त्रीचे काळे घर

मारोती मिस्त्रीला मी प्रथम पाहिले तेव्हा तो भिंत चाखत होता. नागपूरच्या सदर भागातील एका काळ्या दगडी दुमजली घराची वास्तुशांती सांगण्यासाठी मी गेलो होतो. होमाला थोडा अवकाश होता. पश्चिमेच्या भिंतीशी उकिडवा बसलेला एक कृश मनुष्य दोन दगडांच्या सांध्यातून नखाने चुन्याचा कण काढी, जिभेवर ठेवी आणि डोळे मिटून घेई. मी विचारले, "हे काय चालले आहे?"

डोळे न उघडताच तो म्हणाला, "लोणा लागला का पाहून राहिलो जी, महाराज. खारट लागलं म्हंजे भितीत पाणी बसलं. अळणी लागलं म्हंजे भित सुखात हाये." मग चूळ भरून तो हात जोडून उभा राहिला. "आज अळणी हाये. करा तुमचा होम."

ते घर एका जमीनदार मालगुजाराने बांधले होते. कोर्टकचेरीच्या कामासाठी नागपुरास आल्यावर उतरायला जागा असावी, एवढाच त्याचा हेतू. त्याचे दगड मारोतीच्या वडिलांनी बसवले होते. मालगुजारी गेली, म्हातारे मालगुजारही गेले आणि साठ सालानंतर लवकरच त्यांच्या मुलाने ते घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले. मी गेलो होतो ती त्या व्यापाऱ्याची वास्तुशांती. जुना मालक किल्ल्या देऊन निघाला तेव्हा जाता जाता मारोतीला म्हणाला, "चल गा मारोती, आता आपला संबंध सरला." मारोती हसला. "तुमचा सरला जी. मी काही तुमचा नोकर नोहो. मी भितीचा नोकर हाओ. मालक येते नि जाते."

हे बोलणे त्याने अक्षरशः पाळले. दरवर्षी दसरा झाला की तो कोणी न बोलावता त्या घरी येई. चारही भिंती फिरून पाही. जिथे सांधा उघडला असेल तिथे स्वतःच्या हाताने मळलेला चुना भरी. त्या चुन्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालून तो कित्येक दिवस मुरवलेला असे. एकदा व्यापाऱ्याच्या घरच्यांनी बाहेरून तैलरंग लावण्याचा विचार केला. मारोती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "बाई, भर उन्हाळ्यात तुमाले रबराचा कोट घातला त कसं वाटंन वं? हे घर श्वास घेते. पावसाळ्यात पाणी पेते, उन्हाळ्यात सोडते. त्याचं तोंड नोका बांधू." बाई हसल्या. रंग लागला नाही.

माझ्याशी त्याचा स्नेह जडला तो याच घरामुळे. वाटेत भेटला की तो आधी घराचे कुशल सांगे आणि मग स्वतःचे. त्याला अक्षरओळख नव्हती. पण कोणत्या खाणीचा दगड पाणी धरतो आणि कोणता सोडतो, हे तो दगडावर बोटाने वाजवून सांगे. मी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत असे. तो मला चिडवी, "तुमचे पोरं भांडाले शिकते म्हणते, महाराज. आमच्या भितीले दोन दगड भांडले त घर पडते."

व्यापारी वारला. मुलांत वाटणी झाली आणि ऐंशीच्या सुमारास ते घर पुन्हा विकले गेले. या वेळी घेणारा खापरखेड्याकडे बांधकामाची कामे करणारा एक कंत्राटदार होता. मनुष्य उमदा आणि श्रद्धाळू. मला न विचारता त्याने कधी खिळासुद्धा ठोकला नाही. सिमेंट परवान्यावाचून मिळत नसे असे ते दिवस. त्यामुळे घर आतून-बाहेरून सिमेंटने लिंपून घेणे ही त्याच्या दृष्टीने वैभवाची परिसीमा होती.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मारोती माझ्या घरी आला. पायरीवरच बसला, आत येईना.

"महाराज, त्यो माणूस फक्त तुमचं आयकते. उद्या एवढंच म्हणा, शास्त्रात सिमेंट चालत नाही."

"मारोती, शास्त्रात असे कोठेही लिहिलेले नाही."

"शास्त्र लिवलं तवा सिमेंट होतं का जी?"

"नव्हते."

"मंग त्यानं ना कसं म्हणावं?"

मी हसलो. तो हसला नाही. "भिती दोन पदरी हायेत जी. मधात चुना नि दगडाच्या चिपा भरल्या हायेत. गच्चीतून थोडं पाणी येतेच. आजवर ते सांध्यातून निंघून जाये. बाहेरून सिमेंट मारलं त जाईन कुठं? आतल्या आत कुजंन. म्हणा ना जी, अपवित्र हाये म्हणा. एक शबद. मी तुमाले आजवर काई मांगलं नाही."

मी त्याला शांतपणे समजावले की जे शास्त्रात नाही ते शास्त्राच्या नावाने सांगणे हे पाप आहे. मला तेव्हा स्वतःच्या सत्यनिष्ठेचे समाधानही वाटले, हे येथे लिहिलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पूर्णाहुतीनंतर कंत्राटदाराने स्वतःच विषय काढला. "महाराज, हा मारोती म्हणते सिमेंट नोको. भोसल्यांच्या जमान्यातच राहून राहिला गा हा! तुम्ही सांगा, शास्त्र काय म्हणते? तुम्ही नाही म्हणाल त पोती परत पाठवतो."

मारोती दाराच्या चौकटीशी उभा होता. त्याची नजर माझ्यावर होती. मी म्हणालो, "शास्त्र याविषयी मौन आहे."

"म्हंजे चालते!" कंत्राटदार टाळी वाजवून म्हणाला आणि सगळे हसले. मारोतीने मला नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि तो निघून गेला. पुढच्या दसऱ्याला तो आला. त्या गुळगुळीत करड्या भिंतींना नख लावायला कोठे जागाच उरली नव्हती.

चौथ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला पोट आले. तपासणीस आलेल्या अभियंत्याने घर धोक्याचे ठरवले. पाडायला मजूर आणले, पण दगडी भिंत वरून थराथराने कशी उतरवावी हे त्यांतल्या कोणालाच येत नव्हते. कंत्राटदाराने मारोतीला बोलावणे धाडले. मी गेलो तेव्हा मारोती परांचीवरून मजुरांवर ओरडत होता, "सावकाश गा! कोणाच्या बापाची भित हाये ते मालूम हाये का तुमाले?" मला पाहून तो खाली उतरला. मुठीत आतले भरण घेऊन आला. मूठ उघडली. चुना नव्हताच. ओला, राखेसारखा गाळ बोटांमधून गळून गेला.

"माझे चुकले, मारोती," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं जी? तुम्ही खोटं नाही बोलले."

त्या शब्दांत उपरोधाचा लवलेशही नव्हता. असता तर मला सोसणे सोपे गेले असते.

शेवटचा थर उतरल्यावर तो आजारी पडला. तिसऱ्या महिन्यात गेला. मुलगा ट्रकवर होता, दहन आटोपल्यावर पोहोचला. मारोतीच्या आवारातील चुना मुरवण्याचा खड्डा त्याने बुजवून टाकला. कोणाला त्याचा उपयोगच नव्हता.

पाठशाळेत मी कित्येक वर्षे शब्दप्रमाण शिकवले. आप्त कोण? ज्याने ती वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच जो सांगतो, तो. मग त्याचे कुळ, विद्या, वेष काही असो. त्याचे वचन हेच प्रमाण. हे लक्षण मी शेकडो वेळा मुलांकडून घोकून घेतले. त्या दिवशी कंत्राटदाराने प्रमाण विचारले, तेव्हा ते दाराच्या चौकटीशी उभे होते. 'शास्त्र मौन आहे, परंतु हा जाणता आहे, याचे ऐका' एवढे म्हणण्यात एका अक्षराचेही असत्य नव्हते. मला ते सुचले नाही. मला ग्रंथाबाहेर पाहण्याची सवय नव्हती.

आता कोणी जुन्या दगडी घरासाठी मुहूर्त विचारायला आले की मी त्यांना सांगतो, आधी चुन्याचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीला भिंत दाखवा आणि तो म्हणेल तसे करा. ते विचारतात, "कोणाला दाखवू, महाराज?" मला एकही नाव सांगता येत नाही. मग ते मुहूर्त मागतात आणि मी पंचांग उघडतो.