टेबलावरचं कुंकू

मालतीताई गेल्याची तार आली तेव्हा मी टेबल पुसत होते... कडेचा कुंकवाचा ठिपका सोडून, नेहमीसारखं. ताई माझ्या थोरल्या नणंदबाई. नागपूरला मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवायच्या. ते फ्रेंच त्या शिकल्या आमच्या दारव्ह्याच्या घरात, हे सांगितलं की लोक अजून हसतात. खुशाल हसोत.

छप्पन साली नवरा गेला आणि ताई माहेरी आल्या. ट्रंकेत दोन लुगडी आणि नवऱ्याचं फ्रेंच व्याकरण. फ्रेंच घेऊन बाहेरून परीक्षेला बसायचं त्यांनी ठरवलं. फुलसावंगीहून, त्यांच्या सासरहून, दिरांचा निरोप आला की पास झाल्या तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि चूल सांभाळायची. ताईंनी निरोप ऐकला आणि पुस्तक उघडलं.

पहिलंच कोडं लिंगाचं. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. टेबल, दार, घर ही आपली नपुंसकलिंगी मंडळी तिकडे चक्क बायका, आणि पुस्तक तेवढं पुरुष. पाठ करून ताई थकल्या. मग त्यांनीच तोड काढली, बाई असेल तिला कुंकू लावायचं. पण विधवेनं करंड्याला हात लावायचा नाही, म्हणून शब्द त्यांचे आणि बोट माझं. आठवड्यात निम्मं घर सवाष्ण झालं. आमचे हे कोर्टातून आले, बसायला गेले आणि थबकले. "काहून वो, माह्या खुर्चीचं लगन कवा लागलं?"

शेजारणींना मात्र ती करणी वाटली. त्या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकवाला चारच बाया आल्या. मी मनातून घाबरले होते, ताई नाही.

नव्वदला फ्रेंच लोक चार विसा दहा म्हणतात, म्हणजे वीस चारदा आणि वर दहा. ताई दोन दिवस डोकं धरून बसल्या, असं कोण मोजतं म्हणून. मग बाजाराच्या दिवशी तांड्यावरची एक म्हातारी कवठं मोजताना दिसली, "चार विसा न् दहा." ताईंनी माझा दंड धरला. "वैनी, इले फ्रेंच येते." त्या दिवसानंतर ती भाषा त्यांना परकी राहिलीच नाही.

परीक्षेला निघायच्या सकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "वैनी, घरातल्या समद्या बायांले लावलं तू. आता मले लाव."

करंडा माझ्या हातातच होता. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या... मी करंडा झाकून कोनाड्यात ठेवला.

"राहू दे मंग," ताई म्हणाल्या आणि मोटारीला गेल्या.

त्या पास झाल्या. नोकरी लागली, फुलसावंगीची चूल कायमची सुटली. त्या सकाळबद्दल दहा वर्षांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही, आणि माझी मला लाज वाटते.

तार मिळाली तशी मी नागपूर गाठलं. त्यांना अंघोळ घातल्यावर मी पिशवीतून करंडा काढला. कोणीतरी म्हणालं, "अवो, त्यायले कुकू कसं लावता?" मी करंडा उघडला. कपाळभर लावलं.

परत आल्यावर सवयीनं टेबल पुसायला घेतलं. दर दसऱ्याला मी तो ठिपका ताजा करायची, ताईंची आठवण म्हणून. खरं सांगायचं तर ते त्यांच्या कपाळाचं कुंकू होतं, आणि दहा वर्षं मी ते या लाकडाला लावत आले.