जावई नावाचं वायफाय

"नद्या संपल्या. मागच्या होस्टेलला 'जावई' टाक."

सर असं म्हणाले आणि खोलीतले सगळे हसले. माझ्या मांडीवर लॅपटॉप. नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. मी हसले नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कंत्राटी पोरीच्या तोंडाकडे कोण बघतं.

गंगापूर रोडवरून आत वळलं की हे विद्यापीठ लागतं. तिथे नवं वायफाय बसवायचं काम आमच्या ठेकेदाराने घेतलं होतं. प्रत्येक इमारतीच्या नेटवर्कला वेगळं नाव द्यायचं, म्हणजे फोनमध्ये पाहिलं की आपण कुठल्या इमारतीत आहोत ते कळतं. जिल्ह्यातल्या नद्यांची नावं द्यायची ही कल्पना सरांचीच. सर म्हणजे तिथल्या संगणक विभागाचे प्रमुख. ऑफिसला गोदावरी, इंजिनिअरिंगला दारणा, लायब्ररीला कादवा, मुलींच्या मोठ्या होस्टेलला गिरणा. ही नावं मीच टाकली, आणि टाकताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

राहिलं मागचं होस्टेल. मेसच्या पाठीमागे, खरकट्याच्या पिंपांना लागून. तिथे शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुली राहतात. सुरगाण्याच्या, पेठच्या, कुणी मालेगावकडच्या. कुणी आदिवासी, कुणी आमच्यासारख्या बौद्ध.

नद्या संपल्या नव्हत्या. वालदेवी होती. मोसम होती. बाणगंगा होती. आमच्या जिल्ह्यात नद्यांना तोटा नाही. तोटा दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

'सरकारचे जावई.' हा शब्द मला नवा नव्हता. पॉलिटेक्निकला पहिल्याच आठवड्यात ऐकला. एक मास्तर वर्गात आले. फीमाफीवाल्यांची नावं घ्यायची होती. नावं नाही घेतली. म्हणाले, "चला, सरकारचे जावई उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. मुलांच्यात मी एकटी मुलगी. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही जावई कशी? ही तर सून!"

मास्तर पण हसले. पोट धरून हसले. त्या दिवसापासून डिप्लोमा हातात येईपर्यंत मी 'सून' होते. कँटीनमध्ये सून, लॅबमध्ये सून. परीक्षेत पहिल्या वर्गात आले तरी सूनच. 'सासरच्यांनी मार्क वाढवून दिले' म्हणे.

मनमाडला घरी गेले तेव्हा वडिलांना सांगितलं. वडील रेल्वेत ट्रॅकवर होते. रुळांखालच्या खडीवर चालून चालून त्यांच्या टाचांना भेगा पडलेल्या, भेगांत काळं वंगण बसलेलं. ते कधी निघालंच नाही. वडील खाटेवर बसून टाचेला तेल चोळत होते. ऐकून घेतलं. मग हात थांबवून एवढंच म्हणाले,

"जावयाचे तर पाय धुतेत, बाई. आपले कवा धुतले कुणी?"

पुन्हा तेल चोळायला लागले. मला वाटलं होतं ते चिडतील, कॉलेजात येतील, मास्तरांना जाब विचारतील. चिडायला पण त्राण लागतं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

तेच वडील, त्याच टाचा, माझ्या डोळ्यांपुढे आल्या. त्या खोलीत. त्या एसीत.

"टाकलंस का गं?" सरांनी विचारलं.

"नाही सर. हे नाव मी टाकणार नाही."

"अगं, गंमत आहे. आणि वाईट काय त्यात? जावई म्हणजे मानाचा माणूस. आपल्याकडे जावयासारखा मान कुणाला असतो?"

बघा, काय हा जावईशोध! शिवी द्यायची आणि वर म्हणायचं हा तुझा मान.

"मग हे नाव तुमच्या केबिनला देते, सर. मानाचं आहे ना."

एकाने चहाचा कप हळूच टेबलावर ठेवला. सरांचा चेहरा उतरला नाही, फक्त हसू गेलं. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, जसं कामाला लागल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

"तू पण त्यातलीच का?"

इतके दिवस मी हे टाळत आले होते. ठेकेदाराकडे नुसतं पहिलं नाव सांगितलेलं. डब्यात काय आहे, घरी भिंतीवर कुणाचा फोटो आहे, असं कुणी विचारलं की विषय बदलायचा. ते सगळं टाळणं त्या एका प्रश्नापुढे थकून गेलं.

"हो सर. त्यातलीच."

मोठं काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. सरांनी सागरला हाक मारली. सागर माझ्याच टीममधला, माझ्याच डब्यातलं खाणारा. त्याने लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलला. "सॉरी यार, हप्ते आहेत," हळूच म्हणाला आणि नाव टाकलं. एवढीशी तीन अक्षरं. घटकेत सगळ्या कॅम्पसच्या फोनांत दिसायला लागलं. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा, जावई.

मी तक्रार दिली. तोंडी उत्तर आलं की नाव तांत्रिक आहे, त्यात कुणाचा काही हेतू नाही. ठेकेदार म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

शेवटच्या दिवशी मागच्या होस्टेलवर गेले. सुरगाण्याकडची एक मुलगी जिन्यात फोन वर धरून उभी होती.

"ताई, जावई लागत नाय आज."

लागतंय का बघायला मी माझा फोन जोडला. माझ्यात लागलं. तिच्यात पासवर्ड चुकला होता, तो नीट करून दिला. मग मला राहवेना. मी तिला त्या नावाचा अर्थ सांगितला. कुणाला म्हणतात, का म्हणतात, सगळं.

तिने ऐकलं. स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पण ताई, असाइनमेंट आजच टाकायची हाय. दुसरं नेट नाय ना."

आणि तिने जोडलं. तिला काय म्हणणार? तिथल्या मुली सरळ बोलतात, जावई स्लो आहे, जावई गेला. शब्द त्यांच्या तोंडात बसलाय. शिवी अंगवळणी पडते ती अशीच. मला त्या दिवशी सर हसले त्यापेक्षा हे जास्त लागलं.

आता मी कॅमेरे बसवायच्या दुकानात आहे. परवा काम निघालं ते त्याच होस्टेलच्या भिंतीपलीकडच्या बंगल्यावर. शिडीवर होते, तर खिशात फोन थरथरला. आपोआप जोडला गेला होता. जावई. नाव तसंच आहे. कुणी बदललं नाही, बदलणारही नाही, मला तशी आशा नाही.

नावावर बोट धरलं की फोन विचारतो. माझा फोन मराठीत आहे. लिहून येतं : 'नेटवर्क विसरा.'

बोट तिथवर नेलं. मागे घेतलं.

तुम्ही ठेवलेलं नाव मी विसरणार नाही. आणि माझ्या हाताने ते कुठेही लिहिणार नाही. काम गेलं तरी नाही. विचाराल, त्यातलीच का, तर विचारायच्या आत सांगेन.