पांढऱ्याचं पांढरं

चाखणीच्या दिवशी रत्नाक्का देवापुढं उदबत्ती लावत नसत. केसांना तेल नाही, डोक्यात मोगरा नाही. सकाळी कोरडी भाकरी पाण्याबरोबर खायच्या आणि दहाच्या ठोक्याला आमच्या वायनरीत हजर. तासगावच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध ती वायनरी होती. मी साताऱ्याहून नवीनच केमिस्ट म्हणून आले होते. नऊवारीतली साठीची बाई बघून मी विचारलं, "आक्का, तुम्ही कुठल्या सेक्शनला?"

"नाकाच्या," त्या म्हणाल्या.

खरंच तसं होतं. पूर्वी त्या घड निवडायच्या कामाला यायच्या. एकदा दहा हातांवरून त्यांनी सांगितलं, "त्या क्रेटात खाली फुटका घड हाय." निघाला. तेव्हापासून साहेब, म्हणजे आमचे मालक, त्यांच्या नाकाशिवाय एकही वाइन बाहेर पाठवत नसत. आक्कांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते ऐटीत सांगायचे, "मेसमधी साहेब लोकांच्या ग्लासाला आमाला हात लावू देत नव्हते. आता माझी बायकू साहेबाला वाइन शिकवतीया!"

नुसत्या पांढऱ्या द्राक्षांपासून केलेल्या फेसाळ वाइनला बाटलीवर परदेशी नाव होतं. आक्का तिला 'पांढऱ्याचं पांढरं' म्हणायच्या. मला त्यांनी ती शिकवली ती अशी: "काळ्या द्राक्षाचा रसबी पांढराच निघतोय, रंग सालीत असतोय. म्हणून काळ्याचीबी पांढरी वाइन करत्यात. तिचं अंग भरदार. पण हिच्यात काळ्याचा थेंब न्हाई. ही सडपातळ, ताठ. जिभंच्या कडंनं सरळ जाती." द्राक्षं गोडीला यायच्या आधीच तोडायची, म्हणजे आंबटपणा टिकतो. तयार वाइन साखर आणि यीस्ट घालून बाटलीत पुन्हा आंबवायची. गॅसला बाहेर पडायला वाट नसते, त्याचाच पुढं बुडबुडा होतो. यीस्टच्या गाळावर ती जितकी निजेल तितका तिला भाजल्या पावाचा वास चढतो. "ग्लास हलवू नगं गं," त्या मला दटावायच्या. "बुडबुड्याची दोरी बघ. जितकी बारीक, तितकी वाइन निवांत निजलेली."

मग ती साथ आली. दोघंही मिरजेच्या दवाखान्यात, वेगवेगळ्या वॉर्डांत. आक्का वाचल्या. सुभेदारांचा चेहराही त्यांना शेवटचा बघायला मिळाला नाही.

दोन महिन्यांनी त्या कामावर आल्या आणि पूर्वीसारख्याच चाखू लागल्या. फक्त ग्लास नाकाशी जास्त वेळ धरायच्या, डोळे मिटून. सहा महिन्यांनी जुन्या बाटल्यांची चाखणी होती. एका बाटलीचं बूच खराब निघालं होतं, ओल्या पोत्यासारखा कुबट वास मला लांबूनच आला. आक्कांनी ग्लास हुंगला आणि शांतपणे सांगितलं, "लिंबाची साल. हिरवं सफरचंद. मागनं भाजल्या पावाचा पापुद्रा." साहेबांनी स्वतःचा ग्लास न उचलताच लिहून घेतलं.

दुपारी नळावर त्या ग्लास विसळत होत्या. मी म्हटलं, "आक्का, ती बाटली नासलेली होती."

त्यांचे हात थांबले. "मला कसलाच वास येत न्हाई. जेवान मातीवानी लागतंय. तोंडपाठ हाय ते बोलती."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी नळ बंद केला. "फेस वर आला की साबणाचा वास येतोय. दाढीच्या. आमच्या सुभेदारांच्या."

मी त्यांच्या हातातला ग्लास घेतला.

"तो साबण घरात हाय, पर त्याला वास न्हाई. लाल वाइनमधी न्हाई. निस्तं ह्या पांढऱ्याच्या पांढऱ्यात. मागं हुबं असल्यावानी वाटतं. मी वळून बघत न्हाई. घरात त्यांचा फोटू हाय, कपडं हायत, पर ते तितं न्हाईत. हितं हायत."

मी हट्टानं त्यांना मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, आजारानंतर नाक असं चुकतं. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी रोज दोनदा हुंगा, हळूहळू सुधारेल. आक्कांनी विचारलं, "मग ते जातील का?" डॉक्टरांना वाटलं, त्या वासाबद्दलच विचारतायत. म्हणाले, "जाईल, नक्की जाईल." येताना घेतलेली लवंग-निलगिरीची पुडी कपाटात गेली ती गेलीच.

पण साथीच्या आधी तोडलेल्या द्राक्षांची फेसाळ वाइन तळघरात निजून होती. ती द्राक्षं आक्कांच्याच बागेची, सुभेदारांनी स्वतः ट्रॅक्टरनं आणलेली. गाळ आता काढायचा की अजून थांबायचं, हे ठरवायची वेळ जवळ येत होती. साहेब म्हणाले, "आक्का सांगतील तसं." एकदा गाळ काढला की मागं फिरता येत नाही.

त्या दिवशी आक्का माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. "ह्यांच्या हातची शेवटची द्राक्षं हायत. त्यावर तोंडपाठ बोलू व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या लिंबू हुंगू लागल्या. आधी लवंग कळली, मग कितीतरी आठवड्यांनी लिंबू. दर चाखणीला मी घोटभर पांढऱ्याचं पांढरं ओतून द्यायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे. एकदा म्हणाल्या, "आज वास लांबनं आला. दुसऱ्या खोलीत दाढी करत असल्यावानी." पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आनखी लांबनं." मला वाटलं, त्या आता लिंबू-लवंग हुंगायचं थांबवतील. त्या थांबल्या नाहीत.

त्या वाइनच्या चाखणीच्या दिवशी खोलीत साहेब, मी आणि आक्का. मी ग्लास तिरका धरून ओतलं. फेस चढला, बसला. आक्कांनी डोळे मिटले. एवढा वेळ गेला की साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"सफरचंद हाय. लिंबू हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "मागं पाव न्हाई. अजून कच्ची हाय. सा महिनं निजू द्या."

मी हुंगलं, घोट घेतला. अगदी बरोबर होतं. साहेबांनी समाधानानं वही मिटली.

बाहेर पायरीवर आक्का चपला घालत होत्या. मी हळूच विचारलं, "आक्का, सुभेदार?"

"न्हाईत. आज गिलासात निस्ती वाइन हुती." त्या उठल्या, पदर सारखा केला. "चांगली हुती गं."

आणि त्या बागेच्या कडेनं फाट्याकडं चालू लागल्या. पुढच्या चाखणीला त्या आल्या नाहीत; त्या सकाळी त्यांनी घरी देवापुढं उदबत्ती लावली होती म्हणे.