सासू देणे आहे

माझी सासू वारली त्या दिवशी, तिची मुळं सडली होती का ते तपासून पाहा, असा सल्ला मला बऱ्याच लोकांनी दिला. सगळे चांगले लोक होते. शिकलेले होते. त्यातले एक तर बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले होते.

हे लोक कोण, ते आधी सांगतो. मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. रिटायर झाल्यावर आठवडाभरातच बायको, म्हणजे शोभा, म्हणाली, "दिवसभर माझ्या मागं-मागं फिरू नका, गच्चीवर जा." मी गच्चीवर गेलो. तिथं चार कुंड्या ठेवल्या. कुंड्यांमुळे मोबाइलवर आलो आणि 'हिरवी गच्ची' नावाच्या ग्रुपमध्ये पडलो. नागपूरभरचे गच्चीवाले त्यात होते. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण कोणाच्या जास्वंदीला मावा लागला आहे हे सगळ्यांना पाठ होतं.

आता सासूचं. एक झाड असतं, उभ्या पात्यांसारख्या जाड, टोकदार पानांचं. इंग्रजीत त्याला सासूची जीभ म्हणतात. (इंग्रजांनाही सासवा असतात, हे मला त्यावरून कळलं.) आमच्या ग्रुपवर 'जीभ' लिहायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून नुसतंच 'सासू'. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरचं बाकी सगळं करपतं आणि सासू टिकते, त्यामुळे उठसूट तिचाच विषय. "माझ्या सासूला पिल्लं फुटली." "सासू उन्हात ठेवू की सावलीत?" "पिवळ्या काठाची सासू कोणाकडे आहे?" आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. सवय होते माणसाला.

माझ्या खऱ्या सासूला आम्ही सगळे माय म्हणायचो. ती उमरेडची. जन्मभर नवऱ्याबरोबर मागावर बसून लुगडी विणली. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आली आणि इथंच तिला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून शोभानं तिचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, सांगण्यासारखं आणि न सांगण्यासारखं. मी हाताखाली असायचो, म्हणजे बादली आणा, टॉवेल द्या, तिकडं तोंड करा. शोभाचा मोठा भाऊ सुरेश उमरेडलाच असतो. तो सणासुदीला यायचा, मायच्या उशाशी सफरचंदं ठेवायचा, आणि तिला चावता येत नाही हे दर वेळी विसरायचा.

एका शनिवारी पहाटे माय गेली. झोपेतच गेली. शोभा रडली नाही. मायला खाली घेतल्यावर तिनं पलंगावरची चादर ओढून काढली, धुवायला नेली, आणि मग मोरीच्या दारात ती चादर उराशी धरून नुसतीच उभी राहिली. मी दोनदा हाक मारली.

घाटावरून परत आलो, आंघोळी झाल्या, आणि सुरेशनं तेराव्याचा विषय काढला.

"तेरवी उमरेडले करू. पोरगा जिता असताना जवायाच्या घरून तेरवी बरी नाही दिसत."

"माय इथं राहिली, इथं गेली," शोभा म्हणाली. "तेरवी इथूनच होईन."

"लोकं काय म्हणतीन वं?"

"लोकं आले होते काय तिले कुशीवर वळवाले?"

सुरेश माझ्याकडं पाहून म्हणाला, "उद्या सारे नातेवाईक बसतेत, तवा ठरवू." शोभानं आयुष्यात माझ्याकडं फार काही मागितलेलं नाही. त्या दिवशी ती आतल्या खोलीत मला एवढंच म्हणाली, "तेरवी इथून झाली पाहिजे. तुम्ही उद्या नीट बोला. उगाच काही भलतं करू नका."

भलतं मी तोपर्यंत करून बसलो होतो.

झालं असं, की त्याच रविवारी ग्रुपची पहिली प्रत्यक्ष भेट आमच्या गच्चीवर ठरली होती. प्रत्येकानं आपल्याकडची झाडं आणायची, अदलाबदल करायची, वर चहा-पोहे. माझ्याकडून सासू जाणार होती, कारण माझ्या गच्चीवर ती नको तितकी माजली होती. घाटावरून आल्यावर मला ते एकदम आठवलं आणि मी ओल्या डोक्यानं ग्रुपवर लिहिलं: "सासू गेली. उद्याचं जमणार नाही." आणि मोबाइल बंद करून कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, संपलं.

पुण्याचा माणूस असता तर त्यानं 'सासूबाईंचे दुःखद निधन झाले' असं लिहिलं असतं आणि पुढचं काहीही घडलं नसतं. पण आमच्याकडे माणसाचं निधन होत नाही, माणूस जातो. गेला म्हणजे गेला. त्यावर चार शब्द वाढवायची आम्हाला सवय नाही, आणि ग्रुपवर झाडाला नुसतं 'सासू' म्हणायला तर मीच सगळ्यांच्या आधी सुरुवात केली होती.

रविवारी सकाळी बैठकीत सतरंजी टाकली होती. मायचा फोटो, दिवा, नातेवाईक. सुरेशच्या शेजारी त्याची म्हातारी काकू बसली होती, जिला ऐकायला कमी येतं. मी घसा साफ केला. रात्रीपासून मनात घोळवलेलं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, आणि चांगलं वाक्य होतं ते. तेवढ्यात फाटक वाजलं.

बाहेर गेलो तर फाटकात आठ-दहा अनोळखी माणसं, प्रत्येकाच्या हातात कुंडी. पायरीवरचा चपलांचा ढीग पाहून पुढची बाई खूश होऊन म्हणाली, "अगं बाई, बरेच लोक आधीच आलेले दिसतात." त्या मीनाताई, ग्रुपच्या अ‍ॅडमिन. त्यांच्या मागं खताची थैली खांद्यावर घेतलेले डोंगरेकाका, तेच ते बँक मॅनेजर.

"निखारेभाऊ," मीनाताई माझा चेहरा पाहून हळहळल्या, "इतकं लावून घेऊ नका हो मनाला. एवढ्यावरून कोणी भेट रद्द करतं का? जीव लावतो आपण, कळतं मला. म्हणून तर आम्ही तुमच्यासाठी दुसरी सासू आणली. आधीच्यापेक्षा चांगली आहे. पिवळ्या काठाची."

मला हे पोचलंच नाही. रात्रभर झोप नव्हती. लोक भेटायला आले आहेत, एवढंच मला कळत होतं. कुंड्या कशाला आणल्या असतील, हा विचार डोक्यात शिरायला जागा नव्हती.

"कशानं गेली गा?" डोंगरेकाकांनी विचारलं.

"अर्धांग होतं. बरेच दिवस."

"हां. एका बाजूनं मऊ पडली होती?"

"हो."

"पाणी जास्त झालं. मी ग्रुपवर लिहिलं ना काल, मुळं तपासा म्हणून. तुम्ही पाहूनच नाही राहिले. मग टाकली कुठं?"

"टाकली नाही, काका," मी म्हणालो. "काल जाळली."

"जाळली? काहून? कापून खत केलं असतं ना गा!"

बैठकीची खिडकी उघडी होती. आतली कुजबुज थांबली. इतकी थांबली की दिव्याची वात तडतडलेली मला बाहेर ऐकू आली. मग दारात सुरेश येऊन उभा राहिला.

"जवाईबापू, हे काय सुरू आहे?"

त्याच क्षणी मीनाताईंना त्याच्या खांद्यावरून आतला हार घातलेला फोटो दिसला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला वाईट वाटायचं बाजूलाच राहिलं, मला त्यांचीच दया आली. आणि तेव्हा कुठं माझ्याही डोक्यात उजेड पडला.

इथं शहाणा माणूस हात जोडून गप्प बसला असता. मी स्टोअरचा माणूस. माल चुकला की पावती दाखवायची, ही माझी जन्माची सवय. "गैरसमज आहे," मी म्हणालो, "दाखवतो तुम्हाला." कपाटातून मोबाइल आणला, चालू केला, ग्रुप उघडला आणि माझ्या हातानं सुरेशच्या हातात दिला.

सुरेशनं चष्मा लावला. शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचायला लागला. कालचा नाही, त्याच्या वरचा, मागच्या आठवड्यातला माझा मेसेज.

"सासू देणे आहे." तो थांबला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचायला लागला. "फार पसरली आहे. सगळा कोपरा अडवून बसली आहे."

"ते झाडाचं आहे," मी म्हणालो.

"उन्हात ठेवली तरी मरत नाही."

"अहो, ते झाड..."

"पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही दिलं तरी तक्रार करत नाही." त्यानं चष्मा काढला. "तक्रार कशी करीन जवाईबापू? वाचा गेली होती तिची."

सुरेशनं पुन्हा चष्मा लावला. "ज्याला पाहिजे त्यानं रविवारी येऊन घेऊन जावी. अख्खी नको असल्यास कापून मिळेल."

"कापून?" मागून कोणीतरी म्हणालं.

मीनाताई बिचाऱ्या मला वाचवायला पुढं झाल्या. त्यांनी हातातली कुंडी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सासू म्हणजे ही! ही सासू आहे!" काकूंना यातलं किती ऐकू आलं देव जाणे. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि कुंडीला हात जोडले.

"बस," सुरेश म्हणाला. "झालं. ज्या घरात माझ्या मायच्या नावानं असे खेळ चालते, त्या घरून तेरवी नाही होणार. उमरेडले होईन. कोणाले काही म्हणायचं आहे?"

माझं चांगलं वाक्य केव्हाच हवेत विरलं होतं. शोभानं एक गोष्ट मागितली होती आणि ती मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचून घेऊन, घालवली होती. मला धरणीनं पोटात घ्यावं, निदान बाहेर तरी पळता यावं असं वाटलं, पण डोंगरेकाका दारातच उभे होते आणि तेवढीही वाट नव्हती.

तेव्हा शोभा आतून आली. अंगावर कालचंच पातळ, केस तसेच. ती भावासमोर उभी राहिली.

"दादा, ह्यायनं झाडाचं लिहिलं," ती म्हणाली. "मी मायचंच म्हणली होती."

"काय म्हणली होती?"

"उचल तिले, म्हणली होती देवाले. मागच्या महिन्यात. पाठीले जखमा पडल्या होत्या. पुसाले गेली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तोंडातून आवाज नाही निघायचा. मी देवाजवळ बसली आन् म्हणली, घेऊन जाय आता इले. माझ्यानं नाही होऊन राहिलं. फक्त मोबाइलवर नाही लिहिलं मी. आता सांग, तेरवी कुठून करते?"

आणि मग ती रडली. शनिवारपासून कोंडलेलं सगळं. उभ्या-उभ्याच रडत होती. मीनाताईंनी कुंडी खाली ठेवली आणि तिला धरून बसवलं. त्यांच्या हाताची माती शोभाच्या पाठीवर लागली. ज्यांनी एकमेकींना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं त्या दोघी सतरंजीवर बसून रडत होत्या, आणि मी मात्र खांबासारखा उभा होतो. ग्रुपचे बाकीचे लोक चपला काढून एकेक करत आत आले आणि भिंतीला टेकून बसले. डोंगरेकाकांनी खताची थैली हळूच दाराआड सरकवली. त्यांचेही डोळे भरले होते.

सुरेश किती तरी वेळ मोबाइलच्या काचेकडं पाहत राहिला. काच केव्हाच काळी झाली होती. मग त्यानं तो मला परत दिला. माझ्याकडं पाहिलं नाही.

"मले कोणी सांगितलंच नाही जखमांचं," तो म्हणाला. मग जमिनीकडं पाहूनच म्हणाला, "तेरवी इथूनच करा. आचारी मी पाहतो."

आता इथं नवऱ्यानं काहीतरी बोलायला हवं होतं. शोभाच्या पाठीवर हात ठेवून, तिला शोभेल असं, सगळ्यांच्या लक्षात राहील असं. सगळे माझ्याकडंच पाहत होते. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "चहा कोण कोण घेणार?"

माणूस गेलं की आमच्याकडे तिसऱ्या दिवसापर्यंत घरात चूल पेटवत नाहीत. हे मला आठवलं तोवर हात वर व्हायला लागले होते, आणि पहिला हात सुरेशचा होता. माझ्या बोलण्याला सासरच्या सगळ्या लोकांनी एकमुखानं पाठिंबा दिलेला हा उभ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग, आणि नेमकं तेच बोलणं मला पाळता येण्यासारखं नव्हतं.