वनिताची परवानगी

हे मी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. गेल्या मंगळवारपर्यंत स्वतःलासुद्धा सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं. आणि आता लिहायला बसलेय तर हात थांबत नाही! समोरचा चहा दोनदा गार झाला. ही भीती आहे का? असेल थोडी. पण खरं विचाराल तर उतावीळपणाच जास्त आहे — चौदा वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एकदा तोंडाशी आली की माणसाला दम निघत नाही.

मी परिवीक्षा अधिकारी आहे. लोक प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. कोर्टाने एखाद्याला दोषी ठरवलं, पण तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेऊन सोडलं, की तो माणूस आमच्याकडे येतो. त्याच्या घरी जायचं, कामाची चौकशी करायची, महिन्याच्या महिन्याला भेटायचं, कोर्टाला अहवाल द्यायचा. माणसावर विश्वास ठेवायचा पगार मिळतो मला, असं मी नव्या लोकांना हसत हसत सांगते. सांगायचे.

आमच्या घरात सगळे शिक्षक. मी एकटी या वाटेला लागले, आणि काय तो उत्साह होता! रोह्यात खोली, पेणपर्यंतची गावं माझ्याकडे, स्कूटीवर फाइलींची पिशवी. कुणाच्या पडवीत बसून तांदळाची भाकरी खायची, कुणाच्या भावकीची समजूत काढायची — संध्याकाळी घरी आले की बोलून बोलून घसा बसलेला असायचा. मला वाटायचं, मी जन्मालाच या कामासाठी आलेय. हे तुम्हाला सांगायलाच हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल मी निष्काळजी होते, कामचुकार होते. नव्हते हो. तेच तर वाईट आहे.

वनिता ही माझी पहिली केस. पेणजवळच्या गावातली. नवरा कंपनीत होता, आजारपणात गेला. त्यानंतर दिराने तिला घरातून काढायचा घाट घातला. एकदा तो तिची भांडी अंगणात फेकायला लागला तेव्हा तिने हाताला आलेला वरवंटा भिरकावला, त्याचा हात मोडला. गुन्हा शाबीत झाला. पण पहिलाच गुन्हा, पदरात पोर, म्हणून कोर्टाने दोन वर्षांच्या हमीपत्रावर सोडली. अटी साध्या होत्या. दिराच्या वाटेला जायचं नाही, दर महिन्याला माझ्याकडे हजेरी, आणि माझ्या परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मी तिला पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात काम मिळवून दिलं. आधी माती मळायची, मग वाळलेल्या मूर्तींचं घासकाम. वर्षभरात ती मूर्तींचे डोळे आखायला लागली! ते काम कुणालाही देत नाहीत. हात जरा हलला तर अख्खी मूर्ती वाया. तिचा हात हलत नसे. मी मुद्दाम बघायला जायचे. ती श्वास रोखून एक रेघ ओढायची, मग माझ्याकडे बघून म्हणायची, "आला बघा मॅडम, जीव आला." मला इतका आनंद व्हायचा, जणू ती रेघ मीच ओढलीय.

तिची मुलगी, सायली, चिपळूणला मावशीकडे शिकत होती. घरात भांडणं, तिथे पोरीला कसं ठेवणार? चिपळूण म्हणजे दुसरा जिल्हा. वनिता दोन महिन्यांतून एकदा परवानगी मागायची, मी रजिस्टरला नोंद करायचे, कोर्टाला कळवायचे. एकदाही चुकलं नव्हतं.

आणि मग तो दिवस. बघा, इथे आलं की अजूनही मी दुसरंच काहीतरी सांगायला लागते. कारखान्याबद्दल, स्कूटीबद्दल. आता नाही.

त्या दिवशी सकाळी मला पुण्याहून कळलं की राज्यभरातल्या अधिकाऱ्यांसमोर मला बोलायला बोलावलंय. माझ्या पहिल्या यशस्वी केसबद्दल. म्हणजे वनिताबद्दलच! मी पेणहून रोह्याला गाडीने निघाले होते, खिडकीत बसून मनातल्या मनात भाषण म्हणत होते. कासू स्टेशन गेलं आणि फोन वाजला. वनिता. तिचा आवाज माझ्याहून चढलेला —

"मॅडम, माझी पोर शाळेतनं पहिली आली धावण्यात! परवा रत्नागिरीला मोठी स्पर्धा हाय. मी जाऊ का? बघायला जाऊ का?"

गाडीची खडखड, मध्येच रेंज जायची. पण मी नीट ऐकलं. आणि मी ओरडून सांगितलं, "जा गो, बिनधास्त जा! कागद मी उद्या करते."

उद्या मी केला नाही. उद्या मी साडी घेतली, भाषण पाठ केलं, परवा पुण्याला गेले. व्यासपीठावरून सांगितलं की विश्वास ठेवला की माणूस कसा उभा राहतो. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्याच दुपारी वनिता रत्नागिरीच्या मैदानात पोरीच्या नावाने ओरडत होती. दोघी किती खूश होतो त्या दिवशी! रजिस्टर माझ्या कपाटात होतं. त्या पानावर काही नव्हतं.

दिराला कुणीतरी सांगितलं. त्याने वकील लावला, अटी मोडल्या म्हणून अर्ज केला. तारीख लागली. मला वाटलं, काय मोठंसं? उभं राहायचं, माझ्याकडून नोंद राहिली म्हणायचं. झालं. साहेब ओरडतील, ज्ञापन मिळेल. पण माझी नोकरीही तेव्हा परिवीक्षेवरच होती. सरकारी नोकरीची पहिली दोन वर्षं तशीच असतात, एखादा शेरा पडला की घरी. आदल्या दिवशी ऑफिसातल्या वरिष्ठ बाई सहज म्हणाल्या, "तोंडी परवानगी दिली असशील तर संपलीस हां." त्या चहा पीत होत्या. मी हसले.

कोर्टात वनिताने सांगितलं, "मी मॅडमना फोन करून इचारलं होतं." अगदी शांतपणे. खात्रीने. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. अशी परवानगी दिली होती का?

मी म्हणाले, नाही.

पुढे आणखी बोलले. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलले. की फोन आला होता, पण गाडीत आवाज येत नव्हता, मी नंतर बोलू म्हणाले. खोटं बोलताना मी अडखळलेसुद्धा नाही. वनिताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कपाळाला आठ्या घालून — हिशोब चुकल्यावर आपण परत बेरीज करतो ना, तसं. आणि मग ती खाली बघून म्हणाली, "मॅडम म्हणतात तसंच आसंल."

का मान्य केलं तिने? चौदा वर्षं मी याचं उत्तर माझ्या सोयीचं ठरवून ठेवलं होतं. घाबरली असेल. मला सांभाळून घेतलं असेल. उपकार फेडले असतील. काहीही.

हमीपत्र रद्द झालं. चार महिन्यांची शिक्षा. ऐन गणपतीचे महिने, आखणीचा हंगाम. मी एकदाही भेटायला गेले नाही. ती सुटली तेव्हा तिची फाइल बंद झाली होती, आणि मी नोकरीत कायम झाले होते.

संपलं का? नाही. आता सांगते ते त्याहून वाईट आहे. मी ही गोष्ट वापरली. नव्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे आलं तेव्हा मी तीच उदाहरण म्हणून सांगायला लागले. नाव न घेता. एक बाई होती, कामाला चांगली, मला जवळची, दर वेळी विचारून जायची, पण एकदा न विचारता निघून गेली, म्हणून सांगते, माया करा पण कागद ठेवा. दर वर्षी. दर वर्षी ती गोष्ट जरा अधिक रंगायची.

गेल्या सोमवारी रोह्यात असंच शिकवत होते. एक नवी मुलगी, तिशीच्या आतली, चुणचुणीत, हात वर करून म्हणाली, "पण मॅडम, ती बाई तर दर वेळी विचारून जायची म्हणालात. मग त्याच वेळी का नाय विचारलं?"

चौदा वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता! वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पाणी प्यायले, पुढचा विषय घेतला. घरी गेले, जेवले, आणि मंगळवारी सकाळी ऑफिसला न जाता पेणची गाडी पकडली.

निडी, नागोठणे, कासू — प्रत्येक स्टेशनाला उतरून परत फिरावंसं वाटत होतं आणि गाडी जोरात का जात नाही असंही वाटत होतं. दोन्ही एकदम! पेणला रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर त्याला ठाऊक. वनिताचा आता स्वतःचा कारखाना आहे. लांबलचक शेड, रांगेने मूर्ती, रंगाचा वास, सात-आठ बायका कामाला, रेडिओ मोठ्याने चालू. ती मध्यभागी पाटावर बसून आखणी करत होती. केस पिकलेत. हात तसाच. मला बघून झटकन उठली, "आवो मॅडम! या, या, बसा. सायली, खुर्ची दे गो." सायली आता चोवीस वर्षांची, आईच्या डोक्याएवढी उंच.

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, चौकशा झाल्या असत्या आणि मी तशीच परतले असते. उभ्या उभ्याच म्हणाले, "वनिता, त्या दिवशी फोनवर मी तुला जा म्हणाले होते. परवानगी दिली होती. कोर्टात मी खोटं बोलले."

कुणीतरी रेडिओ बंद केला.

मी शिवीची वाट बघत होते. थोबाडीत बसली असती तरी चाललं असतं. तिच्या कपाळाला त्याच आठ्या आल्या. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी बरोबर ऐकलं व्हतं?"

"हो."

"मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तुमी कशाला खोटं बोलाल? मी म्हटलं माझेच कान."

तुरुंगातल्या डॉक्टरला तिने कान दाखवले होते. सुटल्यावर पनवेलला जाऊन यंत्राने तपासून घेतले. काही निघालं नाही, तरी विश्वास बसला नाही. तेव्हापासून ती फोन घेत नाही. ऑर्डरी, पोरीची शाळा, दवाखाना — सगळे फोन दुसऱ्या कुणीतरी ऐकायचे आणि तिला सांगायचे. समोरचा काही बोलला की ती दोनदा विचारून घेते. सायली लहानपणी चिडायची, हे सायलीनेच मला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

आणि वनिता? वनिता हसायला लागली! खरंच सांगते. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, हाताला रंग तसाच. सायलीचा दंड धरून गदागदा हलवत होती. "ऐकलंस गो? माझे कान बरे हायत! मी बरोबर ऐकलं व्हतं!" मग त्या बायकांकडे वळली, एकेकीला सांगत सुटली, की मी इचारून गेले होते, मॅडम जा म्हणाल्या होत्या, मी नीट ऐकलं होतं. शेडच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, तिच्यापर्यंत गेली. इतका आनंद मी माझ्या नोकरीत कुणाला दिलेला नाही.

मी मात्र तिच्या लक्षातच राहिले नाही. खुर्चीजवळ थोडा वेळ उभी होते, मग निघाले. कुणी अडवलं नाही.

बुधवारी मी वरिष्ठांना सगळं लेखी दिलं, सहीनिशी. कोर्टासाठीही एक प्रत जोडली. नोकरीची बरीच वर्षं उरलीत, ती राहोत न राहोत. शुक्रवारी त्या चुणचुणीत मुलीच्या वर्गात उभी राहिले आणि ती गोष्ट परत सांगितली, या वेळी नाव घेऊन. माझं.

वनिताने परवानगी मागितली होती. मी दिली होती. मग कोर्टात, कुणी धमकावलेलं नसताना, मी नाही म्हणाले.