आईची शपथ

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, म्हणजे पक्का संशयी. बाहेरून रंग देणाऱ्या छत्तीसगडच्या तरुणाला मी रोज खालून ओरडायचो, "दोन हात मारलेस ना? खा आईची शपथ!"

तो परांचीवरून हसायचा. "साहेब, आम्ही मेनोनाइट ख्रिश्चन. आमच्यात शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो."

मी गुपचूप भिंत नखाने खरवडून बघितली. दोन हात होते.

पुढच्या महिन्यात शेजारच्या इमारतीवरून पडून तो गेला. कंत्राटदार म्हणाला, "आईशपथ साहेब, सेफ्टीचा पट्टा दिलेला, त्यानेच बांधला नाही."

चढण्याआधी प्रत्येक बांबू हलवून बघणारा माणूस पट्टा बांधणार नाही? पण शपथ ऐकली आणि माझी मान आपोआप डोलली.